सोडू का?

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर गच्चीत, ताईने मला विचारलं, "सोडू का रे?"

ताई माझी मावसबहीण. वय 36. एम. ए., सेट, आणि सात वर्षं झाली पीएचडी चालू आहे. साताऱ्यात खोली घेऊन राहते, तिथल्या एका कॉलेजात सीएचबीवर इतिहास शिकवते आणि शनिवारच्या एसटीने तासगावला घरी येते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे. पेपर तपासले, नॅकच्या फायली लावल्या, सहलीबरोबर गेली, त्याचे नाहीत. मे महिन्याचे नाहीत. जे आहेत ते कधी येतील ते सांगता येत नाही. आणि नवीन वर्ष सुरू झालं की पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पहिल्या नोकरीत मला साडेतीन महिने प्रोजेक्टच नव्हता. आमच्याकडे याला बेंचवर असणं म्हणतात. रोज ऑफिसला जायचं, कॉफी प्यायची, कुठलातरी ऑनलाइन कोर्स उघडून ठेवायचा आणि महिनाअखेरीला पगार घ्यायचा. म्हणजे मला वाट बघायचे पैसे मिळाले. ताईला शिकवलेल्याचेही वेळेवर मिळत नव्हते. हा फरक दिसायला मला सहा वर्षं लागली, कारण तेवढा काळ मी तिला एकच वाक्य ऐकवत होतो: "तू निदान आवडीचं काम तरी करतेस."

वाक्य ऐकायला कौतुकाचं आहे. पण ते नीट बघितलं तर पगारातून कपात करणारं आहे. आवड ही जणू पगाराचाच एक भाग, ती मिळतेय ना, मग बाकीचे थोडे कमी मिळाले तर चालतंय. हे सगळ्यांना लागू केलं असतं तरी एक वेळ मान्य करता आलं असतं. पण क्रिकेट आवडतं म्हणून आयपीएलवाले कुठल्या बॅट्समनचे पैसे कमी करत नाहीत. राजकारणाची आवड आहे म्हणून आमदाराचं मानधन कुणी कापत नाही. आवडीची किंमत फक्त तिथेच वजा होते, जिथे समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते. शिक्षक, नर्स, अंगणवाडी सेविका, संशोधक. त्यांना पैशाऐवजी आदर देतात, आणि तोही भाषणापुरता.

आमच्या भागात या कपातीला एक फार मोठा शब्द आहे, त्याग. आम्ही त्यावरच वाढलो. दर 22 सप्टेंबरला कर्मवीर जयंती, आणि शाळेत भाषणं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे ती साताऱ्यात आली, सगळ्या जातींची पोरं एका बोर्डिंगात राहू-जेवू लागली. आणि लक्ष्मीबाईंचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, त्या पोरांच्या पोटासाठी गेलं. चौथीत असताना हे भाषण मी केलंय. मंगळसूत्राच्या वाक्याला आवाज कुठे कापरा करायचा ते बाईंनी शिकवलं होतं. टाळ्या पडायच्याच.

त्या त्यागाबद्दल मला शंका नाही. तो होता म्हणून माझ्या आजोबांच्या पिढीतली किती माणसं सही करायला शिकली. पण लक्ष्मीबाईंनी दिलं ते स्वतःचं होतं, आणि त्यांचं मंगळसूत्र कुणी आधीच अंदाजपत्रकात जमेला धरलेलं नव्हतं. आज धरलेलं असतं. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, आणि टाइमटेबल मात्र भरलेलं, ते या तासिकावाल्यांच्या भरवशावर. सगळ्या सीएचबीवाल्यांनी एका जूनमध्ये ठरवून घरी बसायचं म्हटलं, तर कितीतरी कॉलेजांत पहिला तासच होणार नाही. त्याग करणाऱ्याने तो करावा, आपण हात जोडावेत. पण दुसऱ्याचा त्याग हिशेबात धरून संस्था चालवायची, आणि वर त्याला परंपरा म्हणायचं, याला वेगळं नाव पाहिजे. (आणि खरं सांगू? मला आता त्या जुन्या गोष्टीतही एक काटा टोचतो. पोरांच्या पोटासाठी मोडायला गावात दुसऱ्या कुणाचेच दागिने नव्हते का?)

माझा एक सहकारी यावर म्हणाला, "तिला कुणी जबरदस्ती केलीय? मार्केटमध्ये पीएचडीवाले जास्त, जागा कमी." मलाही आधी हेच पटायचं. पण मार्केट म्हणायचं तर नियम तरी जागेवर राहायला हवेत. 2018 मध्ये ताईने नोंदणी केली त्याच वर्षी यूजीसीने ठरवलं, की जुलै 2021 पासून विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागणारच. मग कोरोना आला आणि ती तारीख जुलै 2023 वर गेली. 2023 चा जुलै आला आणि यूजीसीने सांगितलं, पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट पुरे. निर्णय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, कदाचित चांगलाच आहे. पण पाच वर्षं धावणाऱ्याला मधेच सांगायचं की शर्यत या रस्त्याने नव्हतीच, आणि मग "जबरदस्ती कुणी केली?" असं विचारायचं, हे जमत नाही.

त्याच 2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या पीएचडी फेलोशिपवर चर्चा चालू होती. तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला. क्लिप आमच्या फॅमिली ग्रुपवरही आली. मावशीने ती बघितली आणि काही न बोलता फोन पालथा ठेवला.

मी त्या रात्री रागाने उत्तर तयार केलं होतं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कला गेला, तिथून लंडनला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि आंबेडकरांना शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. एवढ्या बुद्धीचा माणूसही पैसे संपले की बोटीत बसून घरी येतो. दुसरं उदाहरण कासेगावचं. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून इथल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी करायला आल्या, 1973 मध्ये बर्कलीची पदवी घेतली आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्याच होऊन राहिल्या.

पोस्ट लिहिली, टाकली नाही. ताईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आणि ज्यांचा दिवा लागत नाही त्यांचं काय?" सगळेच प्रबंध आंबेडकरांचे नसतात. पुष्कळसे कंटाळवाणे असतात, काही लिहून घेतलेले असतात. मोठ्या माणसांची उदाहरणं देऊन मी नकळत तेच मान्य करत होतो, की आधी दिवा दाखवा, मग तेलाचं बघू. माझ्या कोडने कुठला दिवा लागला? दोन वर्षं मी एका विमा कंपनीच्या फॉर्मवरची बटणं हलवत होतो. पगार एक तारखेला येत होता.

इंजिनिअरिंगला डेटा स्ट्रक्चर शिकवायला आम्हाला एक कंत्राटी सर होते. आज मी जे कमावतो त्याचा पाया त्यांनी घातला. त्यांची स्कूटी किक मारून सुरू होत नसे आणि आम्ही खिडकीतून मोजायचो, आज किती किका. एकदा वर्गात कुणीतरी "चौदा" असं ओरडलं. तो मी होतो. चौथ्या सेमिस्टरला ते दिसले नाहीत. कुठे गेले ते आम्ही विचारलंही नाही.

ताईचा विषय आहे प्रतिसरकारमधल्या बायका. 1943 च्या सुमारास, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही साताऱ्यातच होता तेव्हा, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगाव समांतर सरकार चाललं. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, धान्याच्या कणगीत हत्यार लपवणाऱ्या बायका कागदोपत्री फारशा सापडत नाहीत. त्यांना घरी जाऊन भेटावं लागतं. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील सप्टेंबर 2021 मध्ये गेल्या. ताईने त्यांना गाठायचं ठरवलं होतं, पण आधी लॉकडाऊन होता आणि नंतर ती दिवसाला पाच तास ऑनलाइन शिकवत होती. त्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलंय तरी. ज्यांचं नाव कुणालाच माहीत नाही अशा दोघी-तिघींची यादी तिच्या वहीत आहे, आणि त्यावर पेन्सिलीने फुल्या आहेत. जे वाया जातंय ते फक्त ताईचं वय नाही.

आणि नेमकं यामुळेच गच्चीतल्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. "सोडू नकोस" म्हणालो असतो, तर मीही तेच करत होतो जे तिचं कॉलेज करतं, तिच्या त्यागावर माझं समाधान उभं करत होतो. घरात कुणीतरी असं काम करतंय याचा मला अभिमान वाटतो, आणि त्याचं बिल ती भरते. "सोड" म्हणालो असतो, तर त्या वहीवर उरलेल्या फुल्या मी मारल्या असत्या. आमच्या कंपनीत कंटेंटच्या टीममध्ये जागा होती. पगार तिच्या आताच्या कमाईच्या चौपट. हे तिला आधीच माहीत होतं, म्हणून तर विचारत होती.

शेवटी म्हणालो, "सोडलंस तर मला वाईट वाटेल. पण ते माझं मी बघेन. तू ते तुझ्या हिशेबात धरू नकोस."

ती हसली. "एवढं जड बोलायला आयटीत शिकवतात का रे?"

खालून मावशी ओरडली, "अगं, डास चावत्यात, खाली या." आम्ही उठलो नाही. जरा वेळाने ताई म्हणाली, "पुढच्या रविवारी गाडी आणतोयस? वाळव्याकडे एक आजी आहेत, 97 वर्षांच्या. ऐकू कमी येतं, पण सकाळी बोलतात म्हणे."

"आणतो."

"पेट्रोलचे पैसे मी देणार. खर्चाच्या वहीत लिहायचेत."

काहीतरीच काय, असं तोंडावर आलं होतं. रविवारी संध्याकाळी परत आल्यावर तिने पाचशेची नोट पुढे केली, आणि मी ती घेतली.