वारा फूल नेत नाही (गीता, अध्याय १५, श्लोक ८ आणि ९)



पंधरावा अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ आहे. जेवणाआधी म्हणायचा म्हणून लहानपणी घोकून घेतलेला असतो. आणि पाठ असलेल्या गोष्टीचं जे होतं तेच होतं, जीभ पुढे पळते आणि अर्थ मागे राहतो. आजच्या दोन श्लोकांच्या बाबतीत माझं तसंच झालं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून आज रोजच्यापेक्षा जरा लांब लिहितेय.

आठव्या श्लोकाचा आशय असा: जीव एक शरीर सोडून दुसऱ्यात जातो तेव्हा मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो. कसा, तर वारा वासाच्या ठिकाणाहून वास उचलून नेतो तसा. नवव्यात नावं येतात. कान, डोळा, त्वचा, जीभ, नाक आणि मन. त्यांच्या आधाराने जीव विषयांचा भोग घेतो.

म्हणजे डोळा बरोबर जातो. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आमचं गाव सुलतानपूर, बुलढाणा जिल्ह्यातलं. मेहकरकडून लोणारला सरोवर बघायला गेलात तर वाटेत लागतं. दोन वर्षांपूर्वी तिथे आमचे आबा गेले. पहाटे पावणेचार वाजता, झोपेतच. मी पुण्याहून आदल्याच दिवशी पोचले होते. आजी उशाशी बसली, बाकीच्यांनी फोनाफोनी सुरू केली, आणि मला कोणीतरी म्हणालं, "पोरी, तुले पाठ हाये ना, पंधरावा म्हण." मी म्हणत बसले. किती वेळा म्हटला ते आठवत नाही.

सातच्या सुमाराला चुलतभावाने विषय काढला. आबा एकदा बोलले होते, मेल्यावर माझे डोळे द्या. फॉर्म वगैरे भरलेला नव्हता, ओसरीवर बसून सहज बोललेले. काका लगेच म्हणाले, "अरे त्यायच्या डोयाचं तं आपरेशन झालंय. मोतीबिंदूचे डोये कोनाच्या कामाचे?" आणि शेजारचे एक वयस्कर बाबा, ज्यांचा आमच्याकडे मान आहे, ते शांतपणे म्हणाले, "डोये काढून नेले तं पुढच्या जन्मी मानूस आंधया होते. जीव डोया संगंच नेते. गीतेतच हाये नं, ही पोर आत्ता म्हनून राह्यली तेच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले.

गप्प बसले कारण मला दोन्हीचं उत्तर येत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात काय उरतं ते माहीत नव्हतं, आणि ज्या श्लोकाचा आधार दिला गेला तो पाठ असून समजलेला नव्हता. वर पंखा भरभर फिरत होता. अकरा वाजता आबांना नेलं.

आता पहिलं उत्तर. ते मी नंतर शिकले, एका नेत्रतज्ज्ञ मैत्रिणीला पिडून.

आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यात बघा. काळा-तपकिरी गोल दिसतो तो दिसतो खरा, पण त्याच्यासमोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा आहे. तो पारपटल, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर तो पारदर्शक राहिलाच नसता. मग प्राणवायू कुठून मिळतो? बराचसा थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. आपण पापणी मिटतो-उघडतो तेव्हा ती ही काच पुसत आणि ओली ठेवत असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून नेमका आत नेण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. मला वाटायचं सगळं भिंगच करतं.

भिंग त्याच्या मागे. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं भोक, उजेडात लहान होतं, अंधारात मोठं. त्या भोकामागे ते भिंग बसवलेलं असतं. जवळचं-लांबचं स्पष्ट दिसावं म्हणून ते आपला फुगवटा कमी-जास्त करतं. वय वाढतं तसं ते ताठर होतं आणि सुई ओवायला हात लांब करावे लागतात. चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो ते उगाच नाही. पुढे हेच भिंग गढूळ झालं की तो मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढून प्लास्टिकचं बसवतात. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले या डॉक्टरांनी पहिल्यांदा असं भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिकचे, तुकडे घुसायचे. डोळा त्यांना त्रास न करून घेता सांभाळून घेतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

आता काकांचं वाक्य आठवा. आबांचं बदललं होतं ते भिंग. दान करायचा असतो तो पारपटल. दोन वेगळ्या वस्तू! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाचे डोळे दान करता येतात. चष्मा असला तरी, साखर किंवा बीपी असलं तरी, वय ऐंशी असलं तरी. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्ताचे काही कर्करोग अशा कारणांनी नाही घेत, पण ते तपासायचं काम नेत्रपेढीचं, आपलं नाही. पारपटल पांढरा पडून आंधळा झालेला माणूस, कोणाच्या डोळ्यात चुना उडालेला असतो, कोणाला शेतात पात लागून जखम पिकलेली असते, त्याचा मागचा सगळा डोळा पुष्कळदा शाबूत असतो. फक्त पुढची काच गेलेली. १९०५ मध्ये ऑलोमाऊत्स इथे एडुआर्ड झिर्म यांनी केलेलं पहिलं यशस्वी रोपणही चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावरच होतं. म्हणजे त्या दिवशी सुलतानपुरात, मला धड माहिती असती तर, कदाचित दोन माणसं बघू लागली असती. हा हिशेब मी रोज करत नाही, पण पंधरावा म्हणायला बसले की होतो.

दुसरं उत्तर शास्त्राचं, आणि तेच जास्त महत्त्वाचं, कारण काका डॉक्टरच्या सांगण्याने ऐकले असते, त्या बाबांचं म्हणणं मात्र श्रद्धेचं होतं. श्रद्धेला "अंधश्रद्धा" म्हणून झटकलं की समोरचा कायमचा बंद होतो. त्यांना गीतेतूनच उत्तर द्यायला हवं होतं.

वेदान्तात 'इंद्रिय' आणि 'गोलक' असा भेद आहे. डोळ्याचा हा जो मांसाचा, पाण्याचा गोळा, तो गोलक. म्हणजे बसायची जागा. त्यात राहून पाहण्याचं काम करणारी जी सूक्ष्म शक्ती, ती चक्षु-इंद्रिय. आठव्या श्लोकात जीव बरोबर नेतो ते इंद्रिय. गोलक नेतो म्हटलं तर चितेवर काय जळतं? आपण सगळे आपापल्या माणसांचे डोळे अग्नीत देतच आलोय की. आणि म्हणून तर तिथे वाऱ्याचा दृष्टान्त आहे. वारा वास नेतो, फूल नेत नाही. फूल झाडावर जागच्या जागी राहतं, ते कोणी देवाला वाहिलं काय आणि गळून मातीत गेलं काय, गेलेल्या वासाला त्याने फरक पडत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सोळाव्या सूक्तात, जे अंत्यसंस्काराचं आहे, मृताच्या डोळ्याला सूर्याकडे जायला सांगितलंय. ऐतरेय उपनिषदात उलट दिशेने, सूर्य दृष्टी होऊन डोळ्यांत शिरला असं येतं. जुन्या लोकांनी डोळ्याला कधी "माझा" म्हटलेलंच दिसत नाही. उजेडाकडून आलेली वस्तू उजेडाकडे परत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. गीतेत कॉर्निया सांगितलाय असं मी म्हणत नाहीये. तसले फॉरवर्ड मला अजिबात आवडत नाहीत. नेत्रदान करा असंही गीता म्हणत नाही. ती करू नका म्हणत नाही, एवढंच सांगतेय, आणि त्या सकाळी एवढंच पुरलं असतं.

आबांच्या तेराव्यानंतर आजीला घेऊन लोणारला दैत्यसूदनाच्या दर्शनाला गेलो होतो. तुम्ही गेला असाल तर आठवेल, बाहेर विदर्भातलं ऊन आणि आत गाभाऱ्यात मिट्ट काळोख. आत पाऊल टाकलं की काहीच दिसत नाही. आजी म्हणाली, "थांब बाई, देव दिसते हयूहयू." तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या साधारण साठ लाख, त्या भर उजेडात रंग पाहतात. दंडगोल साधारण बारा कोटी, त्या मंद प्रकाशासाठी. उन्हात त्यांच्यातलं रंगद्रव्य विरलेलं असतं, ते अंधारात पुन्हा साठायला वीस-तीस मिनिटं जातात, त्याला अ जीवनसत्त्व लागतं. आम्ही बसून राहिलो. आधी पायऱ्यांची कड, मग विष्णूचा आकार, मग पायाखालचा लवणासुर. मूर्ती तिथेच होती, आम्ही तयार नव्हतो. आपल्यातले किती जण आत जातात, मोबाईलचा टॉर्च लावतात, फोटो काढतात आणि दोन मिनिटांत बाहेर! (मी पण तेच करायचे.)

आणि तरी डोळा पाहतो असं म्हणणंही अर्धंच. मागच्या पडद्यावर जग उलटं उमटतं, वर पाय खाली डोकं. तिथून दहा लाखांवर तंतूंची एक नस निघते, आणि ती जिथून निघते तिथे पाहणाऱ्या पेशीच नाहीत, प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका. तो आपल्याला जाणवत नाही, कारण मेंदूचा मागचा भाग ती जागा अंदाजाने भरून टाकतो. तो मेंदूही कोणाला तरी दाखवतो. कोणाला, यावर केनोपनिषद थांबतं आणि म्हणूनच नववा श्लोक इंद्रियांच्या यादीत मन शेवटी जोडतो आणि भोगणारा त्याहून निराळा ठेवतो.

आपल्याच विदर्भात याचा दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज, जन्म १८८१. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन, ऐकून, त्यांनी शास्त्रं आत्मसात केली आणि १९१५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत शंभरावर ग्रंथ सांगून लिहवले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात. मात्र हा दाखला देऊन "आंधळ्याला काय, आतली दृष्टी मिळते" असं कोणी म्हणू नये. ते महाराजांचं सामर्थ्य होतं. चुन्याने डोळा गेलेल्या गवंड्याला काच हवी आहे.

गेल्या महिन्यात आबांच्या श्राद्धाला सुलतानपूरला गेले होते. ते शेजारचे बाबा आले होते. जेवणं झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि वाऱ्याचं, फुलाचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा काऊन नाई बोलली?" मी म्हटलं, "बाबा, तेव्हा मला येत नव्हतं." त्यांनी मान हलवली, पटलं की नाही ते मला अजून माहीत नाही.

आजी मात्र ऐकत होती. म्हणाली, "माहे चालतीन का? मले तं साखर हाये." चालतील म्हटलं. मग काकांना समोर बसवून तिने सगळं विचारून घेतलं, आणि मीही पुन्हा एकदा सांगितलं: गेल्यावर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यायला हवीत, म्हणून फोन लगेच करायचा, रडणं नंतर. पापण्या मिटायच्या. वर ओला कापूस ठेवायचा. पंखा बंद. डोकं उशीवर थोडं उंच. ती माणसं घरी येतात, वीस-एक मिनिटं लागतात, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे लागत नाहीत. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांनी संमती दिली की होतं, आणि फॉर्म भरलेला असून घरच्यांना माहीत नसेल तर काही होत नाही.

काकांनी नंबर कॅलेंडरवर लिहिला. पान फाडलं की जाईल म्हणून आजीने त्यांना तो परत भिंतीवर, पंख्याच्या बटणाशेजारी लिहायला लावला.

उद्या दहावा श्लोक. जाणाऱ्या जीवाला कोण पाहू शकतं आणि कोण नाही, ते. वाचून या.

राम कृष्ण हरी.