मोजण्याची हद्द आणि जाण्याची हद्द

फ्रान्सच्या स्थानिक कारभाराचा विषय निघाला की तिथले पत्रकार हमखास एका मिठाईचं नाव घेतात. मिलफोय, म्हणजे पापुद्र्यावर पापुद्रा. कम्यून म्हणजे गाव, तिथून वर चढत काँतों, आरोंदिसमां, देपार्तमां, रेजियों. एवढे थर हवेत कशाला, एखाददुसरा काढा, खर्च वाचेल. ही उपमा आता इतकी शिळी झाली आहे की ती वापरायला डोकं लागत नाही. थर किती हा प्रश्न दुय्यम आहे. कोणता थर कशासाठी घातला होता, हे विचारायचं राहून जातं, आणि काँतोंच्या बाबतीत ते न विचारणं खेड्यांना महाग पडलं.

या उथळपणाचा पूर्वज मात्र भारदस्त आहे. 1790 मध्ये ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने फ्रेंच क्रांतिकारकांच्या भूमितीची टर उडवली. पट्टीने आखलेल्या तुकड्यावर माणसाचा जीव जडत नाही, असा त्याचा रोख होता. क्रांतीच्या राष्ट्रीय सभेत तूरे या सदस्याने 1789 च्या सप्टेंबरात मांडलेली योजना खरोखरच चौकोनी होती: अठरा लीग बाजूचा देपार्तमां, त्याचे नऊ तुकडे, प्रत्येक तुकड्याचे पुन्हा नऊ. बर्कचे शिष्य इथेच पुस्तक मिटतात. त्याच सभेतल्या मिराबोने त्या योजनेला विरोध केला, प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी जुन्या सीमांवरून आणि आपापल्या गावाच्या मानावरून घासाघीस केली, आणि 1790 मध्ये जे 83 देपार्तमां निघाले त्यांत चौकोन औषधालाही नव्हता. काँतोंपुरता भूमितीचा एक अंश उरला, तो सुमारे चार चौरस लीगांचा. म्हणजे दोन लीग लांब, दोन लीग रुंद, आठ-नऊ किलोमीटर. मधोमध मुख्य गाव धरा. शिवेवरचा शेतकरी सकाळी पायी निघून, काम उरकून, दिवेलागणीच्या आत घरी पोचतो. बर्कला हा हिशेब दिसायला हवा होता. त्याच्या आजच्या अनुयायांना तर दिसायलाच हवा, कारण त्यांच्यापुढे दोन शतकांचा अनुभव आहे.

काम कोणतं? पहिलं, ‘ज्यूज द पे’कडचं. 1790 च्या ऑगस्टमधल्या कायद्याने प्रत्येक काँतोंला हा छोटा न्यायाधीश मिळाला. तो निवडून आलेला असे. तिशी ओलांडलेली हवी, कायद्याचं शिक्षण मात्र बंधनकारक नव्हतं. बांध कोरला, गुरं पिकात शिरली, गड्याची मजुरी थकली, असे तंटे त्याच्यापुढे येत आणि पन्नास लिव्ह्रपर्यंत त्याचाच निकाल अखेरचा. पुढे जंडार्म पोलिसांची चौकी आली. सैन्यभरतीही काँतोंच्या मुख्य गावीच. विशीतली पोरं तिथल्या नगरभवनात कपडे उतरवून रांगेत उभी राहत. डॉक्टर तपासणार, देपार्तमांचा सरकारी प्रमुख, प्रीफेक्ट, किंवा त्याचा माणूस समोर बसलेला. लायक ठरलेले फिती-बिल्ले मिरवत, पीत, गात गावभर फिरत, आणि त्या बिल्ल्यांवर सैन्याबरोबरच पोरींसाठीही लायक असल्याची ग्वाही असे. तालुक्याच्या गावी हेलपाटे घातलेल्या मराठी माणसाला या मुलखाची नाडी वेगळी समजावून सांगायला नको. जीव जडतो तो असा, कामानिमित्त.

हद्द दोन प्रकारची असते. एक जिच्यात माणूस जातो, दुसरी जिच्यात तो मोजला जातो. काँतों पहिल्या प्रकारात जन्माला आला. 1848 पासून एका काँतोंमागे देपार्तमांच्या सभेत एक प्रतिनिधी ठरला आणि त्याच रेषेवर दुसरी हद्द बसली. शंभरेक वर्षं दोन्ही एकत्र नांदल्या. शहरांत हे कधीच फारसं खरं नव्हतं, हे मान्य. तुलूझ-1, तुलूझ-2 अशा क्रमांकांवर बर्कची टीका आजही चपखल बसते. काँतोंची कपातही नवी नाही. 1801 मध्ये त्यांची संख्या घटवली गेली, पण ज्यूज द पे किती ठेवायचे, म्हणजे जाण्याचा हिशेब, हाच त्या कपातीचा आधार होता.

खरा घाव 1958 चा. ज्यूज द पे रद्द झाले आणि त्यांच्या जागी मोजकी न्यायालयं आली. काँतोंमध्ये जाण्याचं मोठं कारण गेलं, मोजणी उरली. त्यानंतर ‘काँतों म्हणजे नुसता मतदारसंघ’ असं म्हणणं सोपंच होतं. आधी पोकळ करायचं आणि मग पोकळ आहे म्हणून मोडायचं, ही युक्ती फक्त फ्रान्सची नाही.

2013 च्या कायद्याने काँतों साधारण निम्मे झाले, चार हजारांवरून 2054. संख्या निम्मी करून वरच्या विषम आकड्यावर न्यायची, असा नियम: न्येव्र देपार्तमांचे 32 होते, 17 राहिले. प्रत्येकातून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी. या बदलाची बाजू कमकुवत नाही. एरो देपार्तमांमध्ये काही काँतोंची लोकसंख्या दुसऱ्यांच्या चाळीस पटींहून अधिक होती, आणि देशभरच्या देपार्तमां-सभांत सातांत एकसुद्धा स्त्री नव्हती. मतांच्या समतेचा मी विरोधक नाही. पण मतदारसंघ नव्याने आखायला जुना काँतों मोडावाच लागतो, हे कुणी सिद्ध केलं? न्येव्रमधल्या मोर्वांच्या डोंगरातला मोंसोशचा काँतों, जिथून मित्तेराँ 1949 पासून राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत निवडून येत राहिले, तो शातो-शिनोंच्या काँतोंत विरून गेला. मुख्य गावाचा दर्जाही कायद्यातून निघाला. नव्या काँतोंला असतं ते मतांची बेरीज करणारं केंद्र. आंतर-कम्यून संघ ही जागा भरून काढतील असं सांगतात. ते कचरा उचलतील, पण माणसाला जायला दार देतीलच असं नाही. जुन्या फ्रान्सच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांना मी मोजत नाही.

2019 मध्ये मात्र सरकारनेच गंमत केली. सरकारी कामं एका छताखाली उरकावीत म्हणून ‘फ्रान्स सर्व्हिस’ची केंद्रं जाहीर झाली, आणि माप ठरलं 2022 पर्यंत प्रत्येक काँतोंमागे एक. ज्या थराला नुसती मतपेटी म्हणून दुप्पट फुगवलं, त्याच्यावर पुन्हा जाण्याचं ओझं टाकलं. सोबत अंतराचंही आश्वासन होतं: कुणालाही तीस मिनिटांहून अधिक लागू नयेत. ही तीस मिनिटं मोटारीची आहेत.