वांकावें कोणीं?

वारा वाहील तशी पाठ द्यावी, ही म्हण आपण बहुधा संधिसाधु माणसाच्या निंदेसाठीं योजतों. परंतु ज्या वीजव्यवस्थेस सूर्य आणि वारा यांवर निर्वाह करावयाचा आहे, तिला मात्र हाच गुण अंगीं बाणवावा लागतो. सूर्य दुपारीं तळपतो आणि नेमका दिवेलागणीस निघून जातो. वारा आषाढांत मोकाट सुटतो व पुढें कित्येक दिवस पडून राहतो. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट इतकी बिगर-खनिजइंधन वीजक्षमता उभारण्याचा संकल्प भारतानें २०२१ मध्यें ग्लासगो येथें सोडला. तेव्हां व्यवस्थेंत लवचिकपणा हवा, याविषयीं वाद उरलेला नाहीं. वाद उरतो तो निराळाच: वांकावें कोणीं?

पहिलें उत्तर यंत्रांकडे बोट दाखवितें, आणि तें योग्यच आहे. सह्याद्रींत घाटघर येथें २००८ पासून चालूं असलेल्या २५० मेगावॅटच्या केंद्रांत, मागणी कमी असतां खालच्या जलाशयांतील पाणी वर चढवितात व मागणी वाढतांच तेंच पाणी खालीं सोडून वीज घेतात. पण चढविण्यास जितकी वीज खर्च होते, तितकी परत मिळत नाहीं. कोळशाच्या संचांनींही गरजेप्रमाणें आपला भार उतरवावा, असें २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं ठरविलें. पण वारंवार तापण्यानें व निवण्यानें त्यांचे बॉयलर झिजतात. यंत्रास वांकवावयाचें तर मोल द्यावें लागतें. मग सहजच माणसाकडे दृष्टि वळते.

त्याच वर्षीं वीजग्राहकांच्या हक्कांविषयींचे नियम सुधारून, उन्हाच्या तासांत दर निदान वीस टक्के कमी व मागणीच्या ऐन तासांत चढा असावा, असें धोरण आंखण्यांत आलें. शेतीस त्यांतून वगळलें. दर सर्वांस सारखा, मग अन्याय कसला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, दर सारखा असला तरी मोकळीक सारखी नसते. धुण्याचें यंत्र दुपारीं लावणें एखाद्या घरास सोपें असतें. पण दिवसभर राबून सातास घरीं परतणाऱ्या बाईस आपला पंखा व मुलांचा दिवा दुपारींच लावून घेतां येत नाहीं.

आणि शेतीस वगळलें म्हणून शेतकरी सुटला, असेंही नव्हे. महाराष्ट्रांत शेतीची वीज आळीपाळीनें रात्रीं देण्याची रीत जुनी आहे. थंडीवाऱ्यांत, साप-विंचवाच्या भयांत पिकास पाणी देणारा तो शेतकरीच या व्यवस्थेचा लवचिकपणा होता. ती ताठ राहूं शकली, कारण तो वांकला. त्याच्या झोपेची किंमत मात्र कोणत्याही हिशेबाच्या वहींत चढली नाहीं. २०१७ मध्यें हातीं घेतलेल्या सौर कृषिवाहिनी योजनेचा हेतु त्यास दिवसा वीज मिळावी हा आहे. ती केवळ सोय नसून जुन्या ऋणाची फेड आहे, असें आम्ही समजतों.

यावरून एक नियम निघतो. ज्याच्याजवळ वेळेची मोकळीक अधिक, त्यानें आधीं वांकावें. मोठे कारखाने, शीतगृहें, कचेऱ्यांतील वातानुकूलन यांचा क्रम पहिला. त्यांच्यामागोमाग आमच्या-तुमच्यासारखीं सुस्थित घरें येतात. पाणी तापविण्याची किंवा विजेच्या मोटारीच्या चार्जिंगची वेळ बदलल्यानें आपलें फारसें कांहीं बिघडत नाहीं. ज्याचा दिवा संध्याकाळींच लागावयाचा, त्याची पाळी सर्वांत शेवटीं यावी, आणि तीही त्यास विचारून.