मत ही अमानत, हिशेब हे कर्तव्य

सूरह अन्-निसाची ५८ वी आयत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश देते. आपले मतही अशीच अमानत आहे. खलीफा होताच ह. अबू बकर (रजि.) यांनी, आपण चुकलो तर आपल्याला सरळ करावे, असे लोकांना सांगितले. मग नगरसेवकाला जाब विचारणे ही बेअदबी कशी?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले. परंतु स्वतःच्या कामासाठी शिफारस किंवा जलशासाठी देणगी घेऊन जो गप्प बसतो, त्याने मोहल्ल्याचा हक्क आधीच विकलेला असतो. म्हणून मागणी स्वतःपुरती की सर्वांसाठी, हे प्रथम तपासावे. अल्लाहसमोर नगरसेवकाप्रमाणे आपल्यालाही हिशेब द्यायचा आहे.