हसून झालं असेल तर ऐका

हसून झालं? मग पुस्तकं मिटा आणि इकडे बघा. मागच्या बाकावरच्यांनो, तुम्हीसुद्धा. 'स्त्रीबीज' म्हटलं की फिदीफिदी हसायला हा आठवीचा वर्ग नाही. एम.एस्सी.ला बसलात, आणि पाळीच्या चक्रात गर्भ राहण्याचे दिवस कोणते, हे एकाला धड सांगता येऊ नये? बीज जेमतेम दिवसभर जगतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बारावीला याचीच आकृती काढून मार्क मिळवलेत ना? ते तुमच्याच शरीराबद्दल होतं, एवढंही लक्षात आलं नाही?

वर तोंड करून सांगता, "चाळिशीतही होतं की मूल, नाहीतर आयव्हीएफ आहेच." कुणी शिकवलं हे? नट्यांच्या जुळ्या बाळांच्या फोटोंनी? मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईतो तीन-चार लाख उरतात. बत्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता हळूहळू घटते, सदतिशीनंतर झपाट्याने. तिशीत दर महिन्याला ती साधारण पाचात एक असते, चाळिशीत विसात एक. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती 1986 साली. तेव्हापासून तंत्र कितीतरी पुढे गेलं, पण बीजाचं वय कमी करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

मुलांनो, मोबाइल खाली ठेवा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो. तरी आधी दवाखान्यात जाते सून, उपास तिचे, नवस तिचे, सुया तिलाच. वीर्याची साधी, स्वस्त तपासणी मात्र सगळ्यात शेवटी, तीही 'आमच्या मुलात काही खोट नाही' असं बजावून! शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. दंड फुगवायला जिममध्ये टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा : त्याने शुक्राणू बनणं बंदसुद्धा पडतं.

लवकर लग्न करा, असं मी म्हणत नाही. त्याला तुमच्या आत्या-मावश्या समर्थ आहेत. मूल नको असेल तर नको, मी विचारणारसुद्धा नाही. लग्नापायी कुणी शिक्षण सोडायला लावत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. पण जे ठरवायचं ते माहीत करून घेऊन ठरवा.

याच मुंबईत 1921 साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचा प्राध्यापक हा माणूस. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. आणि तुम्हाला? वाचायचा कंटाळा, विचारायची लाज!

सोमवारी प्रत्येकाने दोन पानं लिहून आणायची : वय आणि प्रजननक्षमता, स्त्रीची आणि पुरुषाची, दोन्ही. मुलग्यांनाही सूट नाही. मोबाइलवरून उतरवलेलं दिसलं, तर वर्गात पाऊल ठेवू नका.