आवडता आवाज, खरा आवाज

यंदा ईदनंतर माझा भाचा दुबईहून सुट्टीवर आला. रोह्याला आपल्या घरी दोन दिवस राहून तो पेणला माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात एक जड बॅग होती. मला वाटले खजूर, अत्तर असे काही असेल. बॅगेतून निघाले तीन हेडफोन आणि तीन लहान-मोठे अॅम्प्लिफायर. "मामू, तुम्हाला कुठला आवाज आवडतो ते आज शोधून काढू. जो आवडेल तो तुमच्याकडेच ठेवून जाईन," तो म्हणाला.

मला हसू आले. आमच्या लहानपणी आवाज निवडायचा नसतो, मिळायचा असतो. कुंडलिकेच्या काठच्या आमच्या गावात प्रथम एका घरी रेडिओ आला, मग कुवेत-मस्कतला गेलेल्या माणसांनी टू-इन-वन आणले. तो जो आवाज काढील तोच आवाज. त्यात आवडनिवड काय करायची? पण भाच्याने टेबल मोकळे केले, वायरी जोडल्या, आणि मी त्या खेळात ओढला गेलो. खेळ संपला तेव्हा मात्र मी एका प्रश्नापाशी येऊन थांबलो होतो. तो प्रश्न यंत्रांचा नव्हता, म्हणून हे लिहितो आहे.

आधी यंत्रांचे सांगतो. पहिला हेडफोन सेन्हायझरचा एचडी ६००. हा १९९७ सालचा नमुना आजही विकला जातो. दुसरा बायरडायनॅमिकचा डीटी ९९०, आणि तिसरा हायफायमॅनचा सुंदरा. त्यात नेहमीच्या गोल पडद्याऐवजी पातळ, सपाट पडदा असतो. तिन्ही मागून उघडे. म्हणजे आत खोली कोंडल्यासारखी वाटत नाही, पण शेजाऱ्यालाही गाणे ऐकू जाते. एचडी ६०० चा विद्युतरोध ३०० ओहम. तो मोबाइलला जोडला तर आवाज दबून येतो, कारण त्याला हवे तेवढे व्होल्टेज मोबाइल देऊ शकत नाही. म्हणून अॅम्प्लिफायर. ते तीन होते: एक स्वस्त ट्रान्झिस्टरचा, एक त्याच्या दसपट किमतीचा ट्रान्झिस्टरचाच, आणि एक जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा. काचेच्या नळ्या तांबूस उजळल्या आणि मला माझे बालपण आठवले.

ऐकायला घेतली अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. १९३० च्या दशकातली ध्वनिमुद्रिका, जेमतेम तीन मिनिटांची. डीटी ९९० वर खाँसाहेबांच्या आधी तबकडीची खरखर अंगावर आली, कारण हा हेडफोन वरचे, तीक्ष्ण स्वर उचलून देतो. सुंदरावर सारे स्वच्छ, मोकळे वाटले. एचडी ६०० वर खरखर मागे सरली आणि गळा पुढे आला. मी लगेच म्हटले, "हाच खरा." भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही खाँसाहेबांना समोर बसून ऐकलंय का? मग खरा कसा म्हणता? आवडला म्हणा."

त्या एका वाक्याने मी गप्प झालो. खाँसाहेब १९३७ सालीच गेले. त्यांचा खरा आवाज कसा होता हे मला कसे कळणार? आवडले की आपण त्याला खरे म्हणून टाकतो. ही सवय फक्त कानाचीच असती तर बरे होते.

मग अॅम्प्लिफायरची पाळी आली. महागडा लावताच मी मान डोलावली. आवाज भरीव, जिवंत. स्वस्तातला त्यापुढे पोरका वाटला. भाच्याने काही न बोलता एका मीटरने दोघांचा आवाज मोजला. महागडा थोडा मोठ्याने वाजत होता, इतकेच. त्याने दोघांची पातळी बारकाईने सारखी केली, दोन्हींवर टॉवेल टाकला आणि विचारले, "आता ओळखा." दहा वेळा त्याने विचारले, पाच वेळा मी बरोबर निघालो. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते.

यामागचे शास्त्र जुने आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे, खर्जातले स्वर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून किंचित मोठा आवाज आपल्याला 'चांगला' वाटतो. दुकानदाराला हे ठाऊक असते. लग्नातल्या डीजेवाल्याला, मिरवणूक काढणाऱ्याला, आणि स्पष्ट बोलायचे तर आपल्या मशिदीच्या मिनारावर आणखी एक भोंगा चढवणाऱ्या कमिटीलाही हा मोह सुटत नाही. अजान सुरेल असावी यासाठी मुअज्जिनचा गळा शोधण्यापेक्षा भोंगा विकत आणणे सोपे. मोठ्याला चांगले समजणे ही चूक सगळ्या धर्मांची माणसे सारख्याच श्रद्धेने करतात. कानाचे पडदे मात्र कुणाचा धर्म विचारत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी घालून दिली आहे.

आता किमतीचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजले गेले. त्यांची किंमत आणि खालच्या-वरच्या स्वरांची मांडणी यांच्यात काही नातेच सापडले नाही. आपल्याकडे 'इस्राफ' हा शब्द आहे. नाहक उधळपट्टी. मी तो लगेच भाच्यावर फेकला. तो म्हणाला, "मामू, माझ्या खोलीत सहा जण राहतात. रात्री हेडफोन घातला की ती एक तास माझी खोली असते. हा इस्राफ की भाडं?" मला उत्तर सुचले नाही. गरज कुणाची आणि चैन कुणाची, हे दुसऱ्याच्या खोलीत न राहता ठरवू नये, एवढे मात्र समजले.

पण आवड ही शेवटी ज्याची त्याची, असे म्हणून सुटताही येत नाही. हर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक ऐकणाऱ्यांना आवाज ऐकवून त्यांची पसंती तपासली. ६४ टक्के लोकांची पसंती एकाच प्रकारच्या मांडणीकडे झुकली, १५ टक्क्यांना खर्ज जास्त हवा होता, २१ टक्क्यांना कमी. म्हणजे आवडीत माणसे आपण समजतो तितकी निरनिराळी नसतात, आणि तरीही सगळी सारखी नसतात. पेणला राहणाऱ्याला हे नवीन नाही. इथल्या कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेल्या गणपतीच्या शेकडो मूर्ती रांगेत उभ्या असतात. गिऱ्हाईक येते, सगळ्यांवरून नजर फिरवते आणि एका मूर्तीपाशी थांबून म्हणते, "हीच." साचा तोच, माती तीच, फरक काय तो डोळ्यांच्या आखणीतल्या एखाद्या रेषेचा. कारागिराला त्याचे नवल वाटत नाही आणि रागही येत नाही. तो फक्त मूर्ती कागदात गुंडाळून देतो.

शेवटी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. त्यावर खाँसाहेब इतके गोड लागले की मी डोळे मिटले. भाचा म्हणाला, "हा गोडवा म्हणजे दोष आहे, मामू. व्हॉल्व्ह मूळ आवाजात स्वतःचे थोडे स्वर मिसळतो. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर, म्हणजे वरचा षड्जच जणू. म्हणून तो कानाला खुपत नाही."

दोष असून गोड! मला मिरजेची आठवण झाली. खाँसाहेबांनी आयुष्याचा उत्तरार्ध जिथे घालवला त्या मिरजेत शिकलगार घराण्यांनी, ज्यांच्या पूर्वजांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि त्यांचे आडनाव सितारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तार सरळ टेकत नाही. घोडीचा पृष्ठभाग कानसून हलका उतार दिलेला असतो, तार त्यावर घासत थरथरते, खाली दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधायची, की एका तारेतून अनेक स्वर झंकारू लागतात. ती जवारी. कुणाला उघडी जवारी हवी असते, कुणाला बंद. कारागीर गायकाचा कान ओळखून ती लावून देतो. मोजमापाच्या भाषेत हा झंकारही 'मिसळ'च. पण जवारी काढून टाकलेला 'शुद्ध' तंबोरा कुणाला हवा आहे?

तर मग व्हॉल्व्हला दोष का द्यायचा? मी असे उत्तर काढले: तंबोरा आवाज घडवतो, हेडफोन आणि अॅम्प्लिफायर तो पोहोचवतात. घडवणाऱ्याने रंग भरावा, तो त्याचा हक्क. पोहोचवणाऱ्याने रंग भरला तर तो निरोप्या न राहता साक्ष बदलणारा होतो. गाण्यात हे चालून जाईल, कारण तिथे नुकसान कुणाचे होत नाही. गवाहीत चालणार नाही. या उत्तरावर मी खूश होतो. रात्री जेवणानंतर ते मोडले.

आमच्या घरात एक कॅसेट आहे, १९८१ च्या पावसाळ्यातली. त्या काळी कोकणातल्या कितीतरी घरांतून परदेशी असलेल्या माणसाला पत्राऐवजी कॅसेट जायची. लिहिता न येणाऱ्या बायांना ती मोठीच सोय होती. माझे बाबा कुवेतला होते. आईने त्यांच्यासाठी बोलून पाठवलेली ती कॅसेट. एरवी त्याच कॅसेटवर उलट निरोप भरून यायचा आणि जुना पुसला जायचा. ही एक बाबांनी पुसली नाही, ट्रंकेत घालून परत आणली. आई आणि बाबा दोघेही आता नाहीत. आम्ही भावंडांनी ती कॅसेट टू-इन-वनवर पन्नासदा ऐकली असेल. कौलांवरचा पाऊस, कोंबडे, आईचा ठेवणीतला आवाज: पोरे शाळेत जातात, भात लावून झाला, सगळी खैरियत आहे.

भाच्याने ती संगणकात उतरवून घेतली. डेकच्या हेडचा कोन एका बारीक स्क्रूने जुळवला आणि पन्नास वेळा मंद ऐकलेला आवाज लख्ख झाला. एचडी ६००, टॉवेलखालचा तो स्वस्त अॅम्प्लिफायर, रात्रीचे साडेअकरा, बाहेर सामसूम. 'खैरियत'च्या आधी आई क्षणभर थांबते. ते थांबणे मला पाठ होते. आम्हाला वाटायचे तिला पुढचे आठवत नाही. त्या जागी फितीच्या सरसरीखाली दादीची कुजबुज आहे. "बांगड्यांचं नको सांगू. तो तिकडं जेवायचा नाय." आणि मग आई म्हणते, सगळी खैरियत आहे.

मी हेडफोन काढून ठेवला. त्या पावसाळ्यात धाकटा भाऊ आजारी होता, एवढे मला आठवते. औषधाला पैसे कुठून आले हे कुणी विचारले नव्हते. बाबा परत आले तेव्हा आईच्या हातात बांगड्या होत्या. त्या कधी गेल्या आणि कधी सुटून आल्या, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नसावे. आठ-दहा माणसांच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत त्यांनी ती कॅसेट ऐकली असणार. त्या यंत्राने कुजबुज गिळली आणि ते जेवले.

आता माझ्या उत्तराचे काय करायचे? पोहोचवणाऱ्याने सगळे जसेच्या तसे पोहोचवावे म्हणालो होतो. त्या टू-इन-वनने तसे केले नाही, हे बाबांच्या वाट्याला आलेले भाग्य की त्यांच्यावर झालेला अन्याय? आणि आईने तरी काय केले? तिने आपला आवाज ऐकणाऱ्याला सोसेल असा लावून घेतला. ती जवारीच होती. फरक इतकाच की मी दिवसभर माझ्या कानाला काय गोड लागते ते शोधत होतो, आणि तिने दुसऱ्याच्या कानाचा विचार करून आपला स्वर बसवला होता. आवड हा शब्द मी फक्त घेणाऱ्याच्या बाजूने वापरत होतो. तो देणाऱ्याच्या बाजूनेही असतो.

तरी खोटे ते खोटेच, हेही मी नाकारत नाही. बाबांना जाणून घेण्याचा हक्क होता. पाठवलेल्या पैशांवर घर नीट चालले आहे अशा समजुतीत त्यांनी आणखी किती वर्षे काढली, हा हिशेब उरतोच. या प्रश्नाची दोन्ही पारडी भरलेली आहेत आणि मला काटा स्थिर करता येत नाही.

भाच्याने विचारले, "ही कुजबुज उचलून स्पष्ट करू? की पुसून टाकू? दोन्ही जमतं." मी म्हटले, काहीच करू नकोस. पुसली तर दादीचा आवाज जाईल. तिचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. मोठी केली तर जे तिने कानात सांगितले ते आपण चावडीवर सांगितल्यासारखे होईल. आहे तेवढेच राहू दे. ज्याला कान लावायचा असेल त्याला ते ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी जाताना त्याने विचारले, कुठला ठेवू? मी एचडी ६०० आणि स्वस्तातला अॅम्प्लिफायर ठेवून घेतला. व्हॉल्व्हचा गोड होता, पण तो त्याच्या खोलीत जास्त कामाला येईल. बहिणीला मात्र मी अजून फोन केलेला नाही. कॅसेटची नवी प्रत तिलाही हवी आहे. ती ऐकेल तेव्हा मी शेजारी बसलेलो असावे असे वाटते, म्हणून पुढच्या आठवड्यात रोह्याला जाणार आहे.