‘झालें’ म्हणण्याचा अधिकार

असत्य म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार करतांना आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एकाच प्रकारचा मनुष्य उभा राहतो. त्याला खरें ठाऊक असतें आणि तो तें लपवितो. अश्वत्थामा मेला असें द्रोणाचार्यांना सांगतांना धर्मराजाला कोणता अश्वत्थामा मेला हें पुरतें माहीत होतें. म्हणूनच त्याचा स्वर खालीं आला. आपली नीतिकल्पना अशा खालीं येणाऱ्या स्वरांवर कान ठेवावयास शिकली आहे. परंतु ज्याचा स्वर मुळींच खालीं येत नाहीं, आपण खोटें बोलतों आहों अशी ज्याला शंकाहि नाहीं, कारण खरें काय तें त्यानें विचारलेलेंच नाहीं, अशा मनुष्याच्या ‘झालें’ या शब्दाला काय म्हणावें? तो खोटें बोलला, कीं नुसता चुकला?

क्लिफर्ड नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांतील जहाजाच्या मालकाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. जहाज जुनें, अनेकदां डागडुजी झालेलें. मालकाच्या मनांत शंका येतात; पण तपासणीच्या खर्चाला भिऊन तो त्या एकेक करून गिळतो, आणि जहाज सुखरूप जाईल अशा अगदीं मनापासूनच्या विश्वासानें उतारूंना निरोप देतो. जहाज बुडतें. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, तें पैलतीराला लागलें असतें तरीहि मालक तितकाच दोषी ठरला असता. कारण तसा विश्वास बाळगण्याचा अधिकारच त्यानें मिळविला नव्हता.

हा निवाडा मला पटतो. तरी त्यांत क्लिफर्डनें स्वतःची एक सोय करून ठेविली आहे : मालकाला शंका आली होती. ज्याला ती आलीच नाहीं त्याचें काय? या बारकाव्याला नेमकें लागू पडणारें उदाहरण मला नीतिशास्त्राच्या ग्रंथांत न सांपडतां अगदीं निराळ्या ठिकाणीं सांपडलें. संगणकाला कामें सांगण्याची ‘सी’ नांवाची जी भाषा आहे, तींत फाइल उघडण्याची, लिहिण्याची आणि मिटण्याची एक रीत आहे. ती रीत म्हणजे या प्रश्नाची जणूं प्रयोगशाळा होय. संगणकाशीं परिचय नसलेल्या वाचकांनीं बिचकूं नये. येथें लागणारी तांत्रिक माहिती टपालाच्या व्यवहाराहून अवघड नाहीं.

सी भाषा अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांतील बेल प्रयोगशाळेंत, १९६९ ते १९७३ या काळांत डेनिस रिची यांनीं घडविली. आणि १९७८ सालीं ब्रायन कर्निघन व रिची या दोघांनीं लिहिलेल्या एका आटोपशीर ग्रंथानें ती दूरवर पसरली. तिच्या प्रमाणाची सिद्धता ज्यांनीं केली त्यांनीं तिच्या वृत्तीचें एक सूत्र सांगून ठेविलें आहे : प्रोग्रॅमरवर विश्वास टाकावा. मनुष्याला जें करावयाचें आहे त्याच्या आड भाषेनें येऊं नये. या उदारपणाचें पुढें काय होतें तें पाहूं.

फाइल उघडावयाची तर ‘एफओपन’ या क्रियेला फाइलीचें नांव आणि आपला हेतु सांगावा लागतो. वाचावयाचें आहे, नव्यानें लिहावयाचें आहे, कीं शेवटीं भर घालावयाची आहे? यांतील दुसऱ्या हेतूचा विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. नव्यानें लिहिण्यासाठीं फाइल उघडली कीं, तींत पूर्वीं असलेलें सर्व कांहीं त्याच क्षणीं पुसलें जातें. नवें एक अक्षरहि अद्याप लिहिलेलें नसतें. मुलें पाटी पुसून लिहितात तसेंच हें. फरक इतकाच कीं, पाटीवरच्या अक्षरांसाठीं कोणी आयुष्याचीं वर्षें वेंचलेलीं नसतात.

लिहिण्याची क्रियाहि दिसते तशी नसते. अक्षरागणिक डिस्कपर्यंत खेप घालणें महाग पडतें, म्हणून मध्यें एक तात्पुरती सांठवण ठेवलेली असते. तिला बफर म्हणतात. आपण पत्र टपालपेटींत टाकतों, झांकण वाजतें, आपण घरीं येतों. पत्र मात्र अजून कोपऱ्यावरच्या पेटींतच असतें. पेटी उघडून थैली भरली जाईल तेव्हां तें निघावयाचें. बफर भरला कीं त्यांतला मजकूर पुढें संगणकाच्या मुख्य प्रणालीकडे जातो. भरला नाहीं तर फाइल मिटतांना जातो. तेव्हां दोन ओळी लिहून ‘लिहिलें’ असें उत्तर आलें, तर त्याचा अर्थ पत्र पेटींत पडलें एवढाच. डिस्कवर जागा उरलेली नाहीं ही वार्ता त्या वेळीं कोणालाच नसते. ती कळते फाइल मिटतांना.

गोम येथेंच आहे. मिटण्याची क्रिया, म्हणजे ‘एफक्लोज’, उत्तर देते : सारें यथास्थित झालें तर शून्य, नाहीं तर अपयशाचें एक ठराविक चिन्ह. पण तें उत्तर ऐकलेंच पाहिजे अशी सक्ति भाषा करीत नाहीं. पुष्कळांना मिटणें हा जातां जातां दार ओढून घेण्याचा शिष्टाचार वाटतो; दाराला काय विचारावयाचें! उत्तर येतें, कोणी ऐकत नाहीं, आणि प्रोग्रॅम पडद्यावर लिहितो : ‘जतन झालें.’

मराठींत ‘पोच’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वस्तु मिळाल्याची खूण ही एक पोच, आणि माणसाच्या अंगची समज ही दुसरी. जो पहिली घेत नाहीं त्याला दुसरी नाहीं असें म्हणून मोकळें होण्याचा मोह पडतो. पण आरोपीची बाजू ऐकून घेतली पाहिजे, आणि ती अगदींच लंगडी नाहीं.

तो म्हणेल, मला हें कोणी शिकविलेंच नाहीं. त्या १९७८ च्या ग्रंथांतला पहिला धडा जगाला उद्देशून दोन शब्दांचें अभिवादन छापण्याचा आहे. असंख्य विद्यार्थ्यांनीं तो गिरविला, आणि त्यांत छापण्याच्या क्रियेचें उत्तर विचारलेलें नाहीं. ग्रंथकारांवर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तींतील सातव्या प्रकरणांत त्यांनीं फाइली एकापुढें एक जोडून दाखविणारा जो प्रोग्रॅम दिला आहे, तो शेवटीं बाहेर पाठविलेल्या मजकुरांत कांहीं बिघाड झाला काय हें विचारतो. डिस्क भरण्यासारखे प्रसंग विरळा, पण येतात, असा इशाराहि तेथें आहे. परंतु पहिला धडा सर्वच गिरवितात. सातव्या प्रकरणाचे वाचक थोडे.

दुसरी सबब खर्चाची. हेन्री स्पेन्सर यांनीं सी-प्रोग्रॅमरांसाठीं बायबलाच्या धर्तीवर विनोदानें दहा आज्ञा रचिल्या आहेत. सहावी आज्ञा हीच, कीं अपयश कळविणाऱ्या क्रियेची वर्दी प्रत्येक वेळीं ऐकावी. त्यापायीं प्रोग्रॅम तिप्पट लांबला तरी बेहत्तर. विनोदांतलें हें ‘तिप्पट’ गंभीरपणें घेण्यासारखें आहे. सद्वर्तनाची किंमत इतकी चढी झाली म्हणजे सज्जनहि घासाघीस करूं लागतात.

एवढें ऐकूनहि तो मला निर्दोष वाटत नाहीं. एफक्लोज अपयश कळविते त्या क्षणाचा नीट विचार करा. जुनी फाइल पुसली गेली आहे, नवी पुरी उतरलेली नाहीं. पण सर्व मजकूर अजून प्रोग्रॅमच्या स्मृतींत शाबूत आहे. दुसऱ्या डिस्कवर लिहितां येईल. समोर बसलेल्या माणसाला ‘थांबा, जागा मोकळी करा’ असें सांगतां येईल. कांहींच जमलें नाहीं तर तो बिचारा पडद्यावरून कागदावर उतरून घेईल. उपाय हाताशीं असण्याचा तोच काय तो क्षण. त्या क्षणीं पडद्यावर ‘जतन झालें’ उमटतें, मनुष्य निश्चिंत होऊन प्रोग्रॅम बंद करतो, आणि उरलेली एकमेव प्रत नाहींशी होते. डिस्क भरली हा दैवाचा भाग म्हणतां येईल; परंतु शेवटची प्रत त्या मनुष्याकडून त्याच्याच हातानें नष्ट करविली ती त्या दोन शब्दांनीं. आणि भोगावें लागतें तें प्रोग्रॅमरला नव्हे. एखाद्या मुलीचा प्रबंध, एखाद्या वृद्धानें दुखऱ्या बोटांनीं लिहिलेल्या आठवणी, दवाखान्यांतल्या रुग्णाची नोंद, हीं ज्यांचीं आहेत त्यांना महिन्यांनंतर फाइल उघडून पाहतांना कळतें. तोंवर दोष कोणाचा हें शोधण्याचीहि सोय उरलेली नसते.

शंका आली नव्हती, ही सबब येथें का चालूं नये हेंहि आतां दिसेल. क्लिफर्डच्या मालकाला शंका फेडावयाची तर जहाज गोदींत नेऊन पैसे मोजावे लागले असते. येथें उत्तर आपण होऊन दारांत आलेलें आहे. ज्या क्रियेला उत्तर देण्याची योजना केलेली आहे, ती तेवढ्यानेंच ‘मी कधीं फसूं शकतें’ असें सांगत असते. शंका प्रोग्रॅमरच्या मनांत यावी लागत नाहीं. ती त्याच्या हातांत ठेवलेली असते. कांहीं काटेकोर प्रोग्रॅमर उत्तर टाकूनच द्यावयाचें असलें तर क्रियेच्या आधीं ‘व्हॉइड’ हा शब्द कंसांत लिहितात. यंत्राच्या कामांत त्यानें कांहीं फरक पडत नाहीं. पुढें तो प्रोग्रॅम वाचणाऱ्याला मात्र कळतें, कीं हें उत्तर दुर्लक्षानें सुटलेलें नसून जाणून सोडलेलें आहे. मला ही लहानशी रीत फार आवडते.

वाचनाच्या बाजूलाहि या दोषाचें एक भावंड आहे. फाइल संपली, आणि फाइल वाचतां वाचतां यंत्र अडलें, या दोन्ही प्रसंगीं वाचण्याची क्रिया एकच चिन्ह परत करते. त्यांतलें कोणतें घडलें हें सांगणाऱ्या क्रिया वेगळ्या आहेत. त्यांना न विचारणारा अर्धी नक्कल पुरी समजून पुढें देतो.

भाषेनेंच सक्ति कां करूं नये, असें कोणी विचारील. पायथन किंवा जावा या भाषांत अपयशाकडे दुर्लक्ष केलें तर सामान्यतः प्रोग्रॅमच थांबतो. सक्तीच्या सत्यांत कर्त्याचा मोठेपणा कमी, हें खरें. पण कर्त्याच्या मोठेपणासाठीं तिऱ्हाइताच्या आठवणी पणाला लावाव्या, हें मला रुचत नाहीं.

याहून बिकट आक्षेप असा : विचारावें तरी कोठवर? एफक्लोज यशस्वी झाली म्हणजे मजकूर मुख्य प्रणालीच्या हवालीं झाला, डिस्कवर गेलाच असें नाहीं. त्यासाठीं युनिक्स घराण्यांतील प्रणालींत ‘एफसिंक’ ही निराळी क्रिया आहे. सी भाषेच्या स्वतःच्या प्रमाणांत ती नाहीं. २००९ सालीं यावरूनच मोठा वाद झाला. लिनक्सच्या ‘एक्स्ट-फोर’ या तेव्हांच्या नव्या फाइल-व्यवस्थेंत, वेगासाठीं, मजकुराला डिस्कवर जागा देण्याचें काम कांहीं काळ पुढें ढकललें जाई. आपली जुनी फाइल पुसून तिच्या जागीं नवी लिहिणारे प्रोग्रॅम पुष्कळ होते. मध्यंतरीं यंत्र बंद पडलें कीं, पुसणें झालेलें आणि लिहिणें राहिलेलें. लोकांना आपल्या फाइली शून्य लांबीच्या आढळल्या. त्या व्यवस्थेचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचें म्हणणें, खात्री हवी त्यानें एफसिंक करावें. न मागितलेलें वचन आम्हीं दिलेलें नाहीं. प्रोग्रॅमरांचें म्हणणें, पूर्वींच्या व्यवस्थेंत हें निभत होतें, आणि दर वेळीं विचारीत बसलों तर यंत्र रडतखडत चालेल. न्याय त्सो यांच्या बाजूचा होता असें मला वाटतें. त्यांची कृति मात्र त्यांच्या न्यायाहून उदार ठरली : त्याच वर्षीं लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तींत, अशा प्रसंगीं न विचारतांहि मजकूर लवकर डिस्कवर जावा, अशी तजवीज त्यांनीं केली.

एफसिंकच्याहि खालीं डिस्कची स्वतःची सांठवण असते. तळ लागत नाहीं. पण तळ गांठणें हें कर्तव्यच नव्हे. जेथवर विचारलें तेथवरचेंच बोलणें हें कर्तव्य. ‘पेटींत टाकलें’ हें वाक्य खरें असूं शकतें, आणि तेवढें बोलण्यांत कमीपणा नाहीं. ‘पोचलें’ म्हणण्यासाठीं मात्र दुसऱ्या टोंकाकडून कांहीं तरी ऐकलेलें असावें लागतें.

आणि ऐकलेलें उत्तर गैरसोयीचें असलें तर? पोस्टग्रेस हा माहितीच्या मोठ्या भांडारांचा प्रोग्रॅम सी भाषेंतच लिहिलेला आहे, आणि तो एफसिंकचें उत्तर इमानानें विचारीत असे. अपयश आलें तर थोड्या वेळानें पुन्हां विचारावें, अशी त्याची रीत. लिनक्सवर असें घडे, कीं अपयश एकदां कळविलें म्हणजे प्रणाली तीं पानें निकालांत निघालीं असें समजे. दुसऱ्यांदा विचारलें कीं आतां कांहीं बाकी नाहीं म्हणून ‘ठीक’ असें उत्तर येई. मजकूर डिस्कवर पोचलेला नसे. ही गोष्ट २०१८ सालीं चव्हाट्यावर आली, तोंवर ही रीत कित्येक वर्षें चालत आलेली होती. फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस पहिल्या अपयशालाच स्वतःला थांबवितो, आणि पुन्हां उठल्यावर आपल्या रोजकीर्दींत टिपलेले व्यवहार पुन्हां करून घेतो. जुन्या रीतीनें पुन्हां विचारून पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठीं एक कळ ठेविलेली आहे. ती मुळांत बंद असते.